समुद्रसफरीची तयारी (भाग ४) : कोटोरचा मुक्काम आणि टेबलावरची पाण्याची बाटली

मागच्या आठवड्यात आपण केबिन निवडली. बुकिंग करताना एजंट सांगतो, ‘यात सगळं धरलंय.’ राहणं, चार वेळचं खाणं, रात्रीचे कार्यक्रम हे खरंच धरलेलं असतं. व्हिसा आणि पेयं मात्र बहुतेक वेळा धरलेली नसतात. या दोन गोष्टींनी मी जवळच्या माणसांना रडकुंडीला आलेलं पाहिलं आहे, म्हणून आजचा पूर्ण भाग त्यांच्यासाठीच.

उदाहरण एड्रियाटिक समुद्राचं घेते, कारण आपल्याकडची बरीच मंडळी पहिली युरोपीय क्रूझ तिथलीच घेतात. जाहिरातीत ‘व्हेनिसहून’ असं लिहिलेलं असतं. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिस शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे यातल्या अनेक बोटी प्रत्यक्षात ट्रिएस्टे किंवा रावेन्नाहून सुटतात. ते बंदर कोणतं हे आधी बघा, कारण विमानाचं तिकीट आणि आदल्या रात्रीचं हॉटेल त्यावर ठरतं. तिथून क्रोएशियातलं स्प्लिट किंवा दुब्रोव्निक, मग कोटोर, मग ग्रीसचं कॉर्फू आणि परत इटली, असा साधारण सात रात्रींचा मार्ग असतो.

आता हा मार्ग नकाशावर न बघता सीमांच्या हिशेबाने वाचा. इटली आणि ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये. त्याआधी जाऊन आलेल्या नातेवाइकांचा सल्ला या बाबतीत जुना झाला आहे. कोटोर मात्र मॉन्टेनेग्रोत, आणि मॉन्टेनेग्रो शेंगेनच्या बाहेर. म्हणजे बोट कोटोरला लागली की तुम्ही शेंगेन सोडलंत आणि कॉर्फूला उतरताना पुन्हा शिरलात. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो युरोपात पहिल्यांदा उतरतानाच वापरून झालेला असतो.

माझ्या दादा-वहिनीच्या बाबतीत हेच झालं. एजंटने अर्जात रोम आणि व्हेनिसची हॉटेलं दाखवली, बोटीचं व्हाउचर जोडलंच नाही. व्हिसा आला, सगळ्यांनी पेढे खाल्ले. टर्मिनलवर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडला, व्हिसाच्या स्टिकरवर एका चौकटीवर बोट ठेवलं आणि ती काही न बोलता आतल्या साहेबांकडे गेली. त्या चौकटीत ०१ छापलेलं होतं, म्हणजे एकच प्रवेश. वहिनी सांगते, तिच्या हातात तोवर केबिनच्या नंबराच्या पट्ट्या लावलेली बॅग होती आणि समोर काचेतून बोट दिसत होती. त्यांना चढू दिलं नाही. ‘आम्ही कोटोरला उतरणारच नाही, बोटीतच बसून राहू,’ हेही त्यांनी विनवून पाहिलं. त्याचा उपयोग होत नाही. कंपनी अख्ख्या मार्गाचे कागद तपासते, कारण परत शिरताना प्रवासी अडला तर निस्तरावं तिलाच लागतं. पैसे बुडाले ते बुडालेच, पण जपून ठेवलेला लग्नाचा तिसावा वाढदिवस गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून अर्ज स्वतः वाचा, भरायला एजंट असला तरी. ‘किती प्रवेश हवेत’ असा प्रश्न त्यात स्पष्ट छापलेला असतो: एक, दोन किंवा अनेक. तिथे ‘अनेक’वर खूण हवी आणि सोबतच्या पत्रात दोन ओळींत कारण हवं, की जहाज अमुक तारखेला कोटोरला जाऊन अमुक तारखेला कॉर्फूला येतं. बंदरं आणि तारखा असलेलं बुकिंगचं पत्र जोडा. पासपोर्ट हातात आला की घरी नेऊन ठेवण्याआधी व्हिसा केंद्राच्या दारातच ती चौकट बघा. तिथे ‘MULT’ (म्हणजे अनेक) असं छापलेलं असलं की झालं.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हा दुसरा गोंधळ. ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे. दिवस सारखे पडले तर जिथून पहिल्यांदा शिरता त्याच्याकडे. आधी-नंतर इटलीत दोन-तीन दिवस राहणार असाल तर प्रश्नच उरत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाप्रमाणे निर्णय १५ दिवसांत व्हायचा असतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि मे महिन्याच्या सुट्टीसाठी मुंबई-पुण्यात अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं. फी प्रौढांना ९० युरो, जून २०२४ पासून. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा. मॉन्टेनेग्रोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, चालू शेंगेन व्हिसावर तिथे जाता येतं. तरी निघण्याआधी क्रूझ कंपनीकडून हे लेखी घ्या. आणि बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, नेपल्स असा संपूर्ण शेंगेनमधला मार्ग निवडलात तर प्रवेशांची ही सगळी काळजीच मिटते. वयस्कर आई-वडिलांना पहिल्यांदा नेणार असाल तर मी हाच मार्ग सुचवेन.

आता पेयं. आपल्याकडे हॉटेलात बसलं की पाण्याचा ग्लास न मागता येतो. भूमध्य समुद्रातल्या काही युरोपीय कंपन्यांच्या बोटींवर रात्रीच्या जेवणाला टेबलावर येते ती बाटली, आणि ती विकतची असते. वेटर हसून झाकण फिरवतो, तुमचं केबिनचं कार्ड घेतो, सही घेतो. माझे सासरे तीन रात्री रोज दोन बाटल्या घेत होते. चौथ्या दिवशी पैसे लागतात हे कळल्यावर त्यांनी जेवताना पाणी पिणंच कमी केलं. पंचाहत्तरीच्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने असं करावं, हे मला सहन होत नाही. बफेत पाण्याचं मशीन असतं, तिथलं पाणी फुकट आणि पिण्यालायक असतं. घरून स्टीलची रिकामी बाटली न्या आणि जेवायला जाताना तिथे भरून घ्या. बफेतला साधा चहा-कॉफीही सहसा तिकिटातच असतो. चहासाठी इलेक्ट्रिक किटली मात्र नेऊ नका. तापणारी उपकरणं केबिनमध्ये चालत नाहीत, ती चढतानाच काढून घेतात.

पेयांचं पॅकेज घ्यावं का? आकडे समजा असे धरू. पॅकेज माणशी रोज ४५ युरो, सात दिवसांचे ३१५, दोघांचे ६३०. हिशेबाला सोपा म्हणून युरो १०० रुपयांचा धरला तर ६३,००० रुपये. आता सुटं घेऊन बघा. समजा एक काका-काकू जोडी आहे. काका रोज एक बिअर घेतात, ७ युरोची. दोघं मिळून रोज दोन चांगल्या कॉफ्या, ३ युरोच्या. जेवणाला पाण्याची एक बाटली, ४ युरोची. प्रत्येकावर १५ टक्के सेवाशुल्क. आठवड्याचे झाले सुमारे १३७ युरो, म्हणजे १३,७०० रुपये. तुमच्या बोटीचे दर वेगळे असतील, पण बेरीज अशीच मांडा. बोट बहुतेक दिवशी नव्या बंदराला लागते, तुम्ही सकाळी उतरून संध्याकाळी परतता, आणि पॅकेजचे पैसे त्या दिवसाचेही लागलेले असतात.

एक अट मात्र बुकिंगआधी विचाराच. बऱ्याच कंपन्यांत एकाने मद्याचं पॅकेज घेतलं की त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना ते घ्यावं लागतं. एकमेकांत वाटून पिणं चालत नाही. न पिणाऱ्या काकूंसाठी ज्यूस, कॉफी, सरबतांचं स्वस्त पॅकेज चालेल का, हे लेखी विचारा. पॅकेज घ्यायचंच ठरलं तर घरूनच घ्या, बोटीवर ते बहुधा महाग पडतं. बंदरावर घेतलेली दारूची बाटली परत चढताना जमा करून घेतात आणि शेवटी देतात, हेही लक्षात असू द्या.

सह्या केलेल्या पावत्या एका लिफाफ्यात ठेवा आणि खात्यावरचा आकडा शेवटच्या सकाळी नाही, आदल्या दुपारीच रिसेप्शनवर जाऊन ताडून बघा. सकाळी तिथे लांब रांग असते आणि खाली बस उभी असते.