वेफर्सची कढई आणि रक्ताच्या गोळ्या

महाशिवरात्र सरली, बाजारात बटाटा स्वस्त झाला, की गच्चीगच्चीवर जुनी लुगडी अंथरून बटाट्याच्या चकत्या वाळत घातल्या जातात. आमच्या घरीही हाच उद्योग असतो. अशाच दिवसांत दवाखान्यात एक ताई आल्या. जिना चढताना दम लागतो, पायांत गोळे येतात, अशी तक्रार. दोन महिन्यांपूर्वी त्यांचे हिमोग्लोबिन 9 होते म्हणून मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. पुन्हा तपासले तर 8. गोळ्या चालू आहेत का, असे विचारले.

"गोळ्यांनी पोट बिघडतं हो डॉक्टर. म्हणून मी लोखंडी कढई आणली. आता सगळं तळण तिच्यातच करते. परवा वेफर्ससुद्धा तळले."

कढई उत्तम होती, हिशेब तेवढा चुकला होता. लोखंडी भांड्यातले लोह पदार्थात उतरते हे खरे. पण ते उतरते आंबट, पातळ आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थात. आमसूल घातलेली आमटी, टोमॅटोची भाजी, अशांत. तळणीच्या तेलात ना पाणी, ना आंबटपणा, आणि चकती त्यात राहते दोन-चार मिनिटे. तिच्यातून रक्त वाढण्याइतके लोह मिळत नाही. शिवाय गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन निदान 12 असायला हवे. ते 8 वर आले असता आमटीवरही भागत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. पोटाला सोसत नसतील तर जेवणानंतर घ्याव्यात, त्यांच्या मागेपुढे तासभर चहा टाळावा. आणि रक्त का कमी होते आहे, म्हणजे पाळीत अंगावरून जास्त जाते का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का, ते शोधावे.

"मग वेफर्सना कढई घ्यावी तरी कुठली?" ताईंनी उठता उठता विचारले. हा प्रश्न मला नेहमी येतो.

माझे मत जाड बुडाच्या लोखंडी किंवा बिडाच्या कढईला. कारण लोह नव्हे, कारण उष्णता. ओली चकती तेलात पडली की तेल एकदम निवते. पातळ भांड्यात ते लवकर सावरत नाही, चकत्या बुडबुडत राहतात आणि तेलकट, लिबलिबीत होतात. जाड कढई उष्णता धरून ठेवते. अर्थात ती गॅस बंद केल्यावरही तापलेली राहते, म्हणून शेवटच्या घाण्याला आच आधीच कमी करावी. बिडाची कढई घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहावी. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा असण्याची शंका घ्यावी. मात्र उरलेले तेल रात्रभर लोखंडात ठेवू नये. लोखंडाच्या संगतीने तेल लवकर खवट होते. गार होताच गाळून दुसऱ्या भांड्यात काढावे.

पितळी कढई देखणी खरी, पण तिची कल्हई शाबूत हवी. कल्हई म्हणजे कथील, आणि ते 232 अंशांना वितळते. रिकामी कढई मोठ्या आचेवर विसरली की कल्हई गेलीच. आणि उघड्या पितळेतले तांबे तेल लोखंडापेक्षाही लवकर बिघडवते. नॉनस्टिकला तेल तापवत ठेवून दुसऱ्या कामाला जाण्याची सवय सोसत नाही. 'जर्मन'ची म्हणजे ॲल्युमिनियमची कढई स्वस्त आणि हलकी. तळणापुरती ती विषारी वगैरे नाही. तिचा दोष तिच्या हलकेपणातच आहे, आणि तो आम्ही घरी भोगला आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गोल बुडाची, पातळ जर्मनची कढई गॅसच्या शेगडीवर ठेवलेली, तेल काठोकाठ. वहिनींचा झारा कानात अडकला आणि कढई कलंडली. निम्मे तेल त्यांच्या पावलावर. मी दवाखान्यातून धावत आलो तोवर डॉक्टरच्याच घरात पावलाला टूथपेस्ट फासून झाली होती! ती धुऊन काढताना वहिनींना झालेला त्रास मी विसरलेलो नाही. भाजल्यावर नळाच्या गार पाण्याखाली वीस मिनिटे तो भाग धरावा. बर्फ, हळद, तूप, शाई काही लावू नये. तेव्हापासून आमच्याकडे शेगडीवर न डुलणारी, सपाट बुडाची, दोन्ही कान घट्ट असलेली जड कढईच आहे. तेल निम्म्याच्या आत. ओल्या चकत्या फडक्यावर टिपूनच सोडायच्या. शेजारी एक ताट तयार असते, कारण तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर ताट झाकायचे असते. पाणी ओतले तर भडका उडतो.

आणखी एक गोष्ट रंगाची. 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले की बटाट्यासारखे पिठूळ पदार्थ जास्त आचेवर तळले-भाजले की ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते. प्राण्यांमध्ये त्याने कर्करोग होतो, म्हणून माणसांनीही ते बेताने पोटात जाऊ द्यावे. ताज्या बटाट्याच्या चकत्या अर्धा तास पाण्यात ठेवून, टिपून, 170 ते 175 अंशांच्या आसपास तळाव्यात. थर्मामीटर कोणाच्या घरी असतो? एक चकती टाकून पाहावी. बुडाशीच बसली तर तेल गार, टाकताच तांबूस झाली तर जास्त तापलेले. पिवळसर सोनेरी झाली की काढावी. फ्रिजमधला बटाटा नको. थंडीने त्यातली साखर वाढते आणि वेफर्स काळपट होतात. धूर येणारे, फेसाळणारे जुने तेल तर नकोच.

ताई दीड महिन्याने पुन्हा आल्या. गोळ्या नियमित चालू होत्या, हिमोग्लोबिन 10 झाले होते. लोखंडी कढईत आता आमटीही करतात म्हणे, फक्त आमटी काळी पडते म्हणून मुले नाक मुरडतात. शिजल्याबरोबर स्टीलच्या पातेल्यात ओतून घ्या, असे मी सांगितले.