जुनी सहाबारी आणि कानस

आपल्या मराठीला शस्त्रांची नावे दूरदूरहून मिळाली. तोप तुर्कांकडून आली, काडतूस पोर्तुगिजांकडून. दारू हा शब्द फारसी. तिकडे त्याचा अर्थ औषध! औषधाचे बार कसे उडू लागले यावर एखादी कविता व्हायला हरकत नाही. पण आज बोलायचे आहे ते रिव्हॉल्व्हरविषयी, म्हणजे आपल्या सहाबारीविषयी.

एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांच्या काळातले, परवाना असलेले रिव्हॉल्व्हर असते. घरातल्या तरुणाला वाटते, याला जरा नवे रूप द्यावे. अमेरिकेत हा मोठा छंदच आहे. जुने रिव्हॉल्व्हर घ्यायचे, नळी आखूड करायची, घोड्याचे टोक कापायचे, मुठीला अक्रोडाचे लाकूड बसवायचे, वरून निकेलचा मुलामा द्यायचा. दिसायला ते देखणे होते, यात शंका नाही.

पण हे यंत्र दिसते तेवढे साधे नाही. १८३६ मध्ये सॅम्युएल कोल्टने अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून मूळ युक्ती तीच आहे. घोडा मागे जाताना आतला एक लहानसा अंकुश चक्राला ढकलतो. चक्रातले पुढचे घर नळीसमोर येते आणि एक खुंटी त्याला तिथे अडकवून धरते. चक्र आणि नळी यांच्यात केसाएवढी फट असते. अंकुश किंवा खुंटी थोडी जरी झिजली, तरी घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. मग गोळीचा धातू सोलला जाऊन बाजूला उडतो, तो उडवणाऱ्याच्या किंवा शेजारच्याच्या अंगावर. म्हणजे कानशीने घासला जातो तो नुसता लोखंडाचा तुकडा नसतो. सगळ्या भागांचे आपसातले जमलेले माप असते.

वेब्लीची गोष्ट ऐका. १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने हे रिव्हॉल्व्हर स्वीकारले. बिजागरीवर पुढे मोडले की सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे पॉइंट बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर याच घराण्यातले. दुसऱ्या महायुद्धानंतर वेब्ली अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. तिचे पॉइंट ४५५ चे काडतूस तिकडे सहज मिळत नसे, म्हणून कितीतरी चक्रांची मागची बाजू तासून त्यांत अमेरिकी पॉइंट ४५ पिस्तुलाचे काडतूस बसवले गेले. बसले, पण त्या काडतुसाचा दाब जुन्या चक्राच्या सोसण्यापलीकडचा होता. तडकण्याचा धोका पदरी आला. आणि आज गंमत अशी की संग्राहक जास्त किंमत मोजतात ती न तासलेल्या वेब्लीला! छापे, क्रमांक, मूळचा काळसर निळा रंग, यांवरून शस्त्राचा जन्म आणि प्रवास कळतो. जुन्या ओवीत आपला शब्द घुसडणाऱ्या संपादकाचा मला राग येतो, तो याच जातीचा.

आपल्याला फार दूर जायला नको. नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगजींची शस्त्रे जपली आहेत. त्यांत एक तोडेदार बंदूकही आहे. गुरुजींचे महानिर्वाण १७०८ मध्ये नांदेडलाच झाले. दिवाळीला तिथे तख्तस्नान असते. गोदावरीचे पाणी वाजतगाजत आणतात आणि शस्त्रांची स्वच्छता होते. आमच्या विष्णुपुरीच्या धरणात अडते तीच ही गोदावरी. जुन्या शस्त्राशी कसे वागावे, ते शिकायचे तर असे.

घरातही एवढेच करावे. आधी ते रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी. मऊ फडके, थोडे तेल, बस्स. गंज दिसला म्हणून पॉलिश कागद घेऊन बसू नये. आणि शस्त्र चामड्याच्या पिशवीत कायमचे ठेवू नये. चामडे ओल धरते, आमच्या गोदाकाठच्या पावसाळ्यात तर फारच.

कायदाही माहीत हवा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्याचा धंदा परवानाधारक कारागिराचाच. नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. तो नसेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शस्त्र बाळगण्याचा परवाना वेगळा आणि हा वेगळा, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

आजोबा गेले की त्यांचा परवाना नातवाकडे आपोआप येत नाही. वारसांनी ते शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि पावती घ्यावी. मग हवे तर आपल्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करावा. दुरुस्त करूनही उडणार नाही असे पुराणकालीन शस्त्र असेल तर त्याला कायद्यात सवलत आहे. पण ते उडणारे की न उडणारे, याचा निवाडा घरच्या ओसरीवर करू नये.