अमावस्येला लागलेली टाळेबंदी

टाळेबंदी जाहीर झाली ती २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता. त्या दिवशी फाल्गुन अमावस्या होती. बारा वाजता बंदी लागू झाली आणि सकाळी पाडवा उजाडला. कागलात गुढ्या उभ्या राहिल्या, साखरेच्या माळा चढल्या, पण सणाचं म्हणून कुणी कुणाच्या उंबऱ्याला गेलं नाही. गावाला खेटून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग, ज्याची घरघर कागलकरांना रात्रीच्या पंख्यासारखी सवयीची, तो थंडावला. दूधगंगेपलीकडं कोगनोळीला कर्नाटकची हद्द सुरू होते. तिथं नाकं बसलं आणि निपाणीला दिलेल्या लेकी, निपाणीहून आणलेल्या सुना, सगळ्यांची माहेरं एका रात्रीत खरोखरची परराज्यात गेली.

त्या दिवसांच्या आठवणी निघाल्या की लोक वाफारे, काढे आणि भाजीच्या रांगा सांगतात. थोडं बोलू दिलं की मग गच्ची निघते. संध्याकाळी माणसं गच्चीवर, माडीवर, परसात जाऊन बसू लागली होती. कुणाच्या मोबाइलवर अभंग, कुणाकडं नाट्यगीत, कुणाकडं आकाशवाणी सांगली. आणि वर चंद्र. हा योग नुसता रिकामपणाचा होता असं मला वाटत नाही. त्यात आकाशाचाही हात होता.

टाळेबंदी अमावस्येला लागल्यामुळं तिचे पहिले पंधरा दिवस नेमके शुक्लपक्षाचे आले. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. त्यामुळं शुक्लपक्षात सूर्य मावळताना चंद्र आधीच आकाशात असतो: द्वितीया-तृतीयेला पश्चिमेला टेकलेला, अष्टमीला डोक्यावर, पौर्णिमेला पूर्वेकडून वर येणारा. पौर्णिमा सरली की संध्याकाळ काळोखी होते. संकष्टीचा उपास करणाऱ्या घरात हे खगोलशास्त्र पोटानं कळतं, कारण कॅलेंडरवर छापलेली चंद्रोदयाची वेळ होईपर्यंत ताट वाढलं जात नाही. म्हणजे चांदण्याची संध्याकाळ ही महिन्यातून दहा-बारा दिवसांचीच चैन. घरात कोंडलेल्या माणसांना ती पहिल्याच पंधरवड्यात मिळाली.

शिवाय त्या वर्षी शुक्र होता. ज्या दिवशी टाळेबंदी जाहीर झाली, त्याच २४ मार्चला तो सूर्यापासून जास्तीत जास्त दूर, ४६ अंशांवर होता. सूर्यास्तानंतर तीन तासांच्या आसपास तो पश्चिमेला झळकत राही. २८ मार्चला चंद्रकोर त्याच्या शेजारी आली. ३ एप्रिलला तो कृत्तिकांच्या पुंजक्यात शिरला. असं दृश्य दर आठ वर्षांनी येतं. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या. त्या उपक्रमाबद्दल ज्याचं त्याचं मत असो. पौर्णिमा तीन दिवसांवर आलेली आणि चंद्र जवळजवळ डोक्यावर, अशा वेळी गावातले दिवे गेले, हे मात्र खरं. आपल्या गल्लीत चांदणं पडतं, हे कित्येकांना त्या नऊ मिनिटांत समजलं.

सूर्यप्रकाश पौर्णिमेच्या चांदण्याच्या सुमारे चार लाख पट असतो. इतक्या मंद उजेडात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास निकामी होतात आणि केवळ उजेड-अंधार टिपणाऱ्या पेशी काम करतात. म्हणून चांदण्यात आकार दिसतात, रंग दिसत नाहीत. गंजका पत्रा आणि शाकारलेलं कौल एकसारखं होतं. आपल्या नगरपालिका हद्दीतल्या बऱ्याच गोष्टी चांदण्यातच बघण्याजोग्या आहेत, असं कुणी म्हटलं तर मी भांडायला जाणार नाही.

७ एप्रिलच्या संध्याकाळी वर आलेला चंद्र त्या वर्षातल्या सर्व पौर्णिमांपेक्षा पृथ्वीच्या जवळ होता. एरवी सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर असणारा चंद्र त्या रात्री ३ लाख ५७ हजारांच्या आसपास आला होता. ती चैत्री पौर्णिमा. म्हणजे वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा. सासनकाठ्या, गुलाल, हलगी, ‘चांगभलं’चा गजर आणि लाखोंची दाटी असा तो दिवस. यात्रा रद्द झाली होती. वर्षातला सर्वांत मोठा चंद्र रिकाम्या डोंगरावर उगवला. कागल तालुक्यातून दरवर्षी डोंगर चढणाऱ्या घरांनी देव्हाऱ्यातल्या टाकावर गुलाल वाहिला आणि तिथंच हात जोडले.

चांदण्यानं माणूस जागा राहतो, ही म्हाताऱ्यांची तक्रार पुढं प्रयोगातही उतरली. अर्जेंटिनातल्या तोबा समाजाची गावं आणि अमेरिकेतल्या सिॲटल शहरातले विद्यार्थी यांच्या झोपेची मोजणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पौर्णिमेच्या आधीच्या काही रात्री दोन्हीकडची माणसं उशिरा झोपतात आणि कमी झोपतात, असं त्यात दिसलं. पौर्णिमेनंतर नव्हे, आधी. संध्याकाळी फुकटचा उजेड असतो तेव्हा माणूस बाहेर रेंगाळतो, ही जुनी सवय विजेच्या दिव्यांनीही पुरती मोडलेली नाही, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

मग या रेंगाळण्यात गाणं का लागतं? आपल्या रागसंगीतानं संध्याकाळ फार बारकाईनं वाटून घेतली आहे. दिवस मावळताना मारवा. त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, आणि गाणारा षड्ज सारखा टाळत राहतो. ऐकणाऱ्याचं मन घराकडं ओढ घेतं आणि गाणं त्याला घरी पोचू देत नाही. दिवेलागणीनंतर यमन येतो. मध्यम तीव्र, बाकी सगळे स्वर शुद्ध. मारव्यातली कालवाकालव तिथं निवते. एकट्यानं बसलेल्या माणसाला आधी मारवा आणि मग यमन ऐकवावा, उलटं करू नये, हे माझं मत. त्याला शास्त्राधार मागू नये.

शास्त्राधार वेगळ्या गोष्टीला आहे. इटलीतले हृदयवैद्य लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २४ जणांना निरनिराळ्या तऱ्हेचं संगीत ऐकवलं, त्यात रागसंगीतही होतं. लय वाढली की श्वास आणि नाडी वाढे, संथ लयीत उतरे. गंमत पुढंच होती. मध्ये दोन मिनिटं संगीत थांबवलं, तेव्हा शरीर सर्वांत जास्त निवांत झालं. म्हणजे नुसती शांतता पुरत नाही, गाण्यानंतरची शांतता लागते. विलंबित ख्यालात दोन आलापांमधला विसावा ज्यांनी चवीनं ऐकला आहे, त्यांना हे सांगायला इटलीहून कुणी यायला नको.

इथं कागलचा संबंध थेट येतो. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. १८९५ च्या सुमारास त्यांच्या दरबारात अल्लादिया खाँ आले. त्याआधी सततच्या गाण्यानं खाँसाहेबांचा आवाज पार बसला होता. दोनेक वर्षं गाणारा माणूस गळ्याविना राहिला. आवाज परतला तो पहिल्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी त्याला पेलेल अशी नवी गायकी बांधली: मध्यविलंबित लय, मात्रेमात्रेला धरून चाललेला आलाप, एकातून दुसरा राग उलगडणारे जोडराग. गळ्याच्या सक्तीच्या टाळेबंदीतून आकाराला आलेली ही चाल जयपूर-अत्रौली घराण्याच्या नावानं कोल्हापूर-मुंबईत वाढली. शाहू महाराजांच्या निधनानंतर, म्हणजे १९२२ नंतर, खाँसाहेब मुंबईला गेले. या गायकीत आवर्तन फार ठसठशीत असतं. आलाप कितीही फिरला तरी सम कधी येणार, हे ऐकणाऱ्याला आधीच जाणवायला लागतं.

मला वाटतं, खरा दिलासा त्यातच आहे. टाळेबंदीची मुदत आधी १४ एप्रिल होती. मग ३ मे झाली, मग १७ मे, मग ३१ मे. सांगितलेली तारीख खरी ठरेल याची खात्री कुणाला उरली नाही. देवळं तर १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. अशा काळात सांगितल्या वेळी येणाऱ्या गोष्टी दोनच होत्या, पौर्णिमा आणि सम. २६ एप्रिलला अक्षय्य तृतीयेची कोर पुन्हा शुक्राजवळ आली. त्याच चंद्रदर्शनानं एक-दोन दिवस आधी रमजान सुरू झाला होता. गैबी पीराच्या या गावात दोन्ही घरांनी एकाच कोरीकडं बघून आपापला महिना मोजला.

कृष्णपक्षाचं काय, असा प्रश्न राहतो. तेव्हा चंद्र मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे भेटतो, आणि पहाट ही आपल्या बायकांच्या एकटीच्या गाण्याची वेळ होती. जात्यावर दळणारी बाई ओवी गायची ती श्रोत्यांसाठी नाही. सासुरवास, भाऊ, लेक, विठ्ठल हे सगळं ती त्या दगडाला सांगायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. करमणुकीसाठी गाणं ही फार अलीकडची कल्पना. चार भिंतींत राहायची सक्ती ज्यांना जन्मभर होती, त्यांनी गाण्याचा उपयोग आपल्याआधीच शोधून ठेवला होता. आपल्याला मार्चमध्ये नवं वाटलं ते त्यांच्या रोजच्या पायलीभर दळणातलं होतं.

अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर मूळच्या गोव्यातल्या केरीच्या. लहानपणी काही काळ त्या कोल्हापुरात राहिल्या होत्या. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या भलत्या काटेकोर, फारशा राजी नसायच्या. पण त्यांनी गायलेली भैरवी सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर चढली आणि १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानांतून निघाली. पहिलं यान २० ऑगस्टला सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ५ सप्टेंबरला सुटलेलं व्हॉयेजर-१ आता इतकं लांब आहे की त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगानं यायलाही जवळपास एक दिवस लागतो. ते भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला आहे. वैशाख-ज्येष्ठात रात्री गच्चीवरून पूर्वेकडं बघितलं तर तो भाग वर चढताना दिसतो. यान अर्थातच दिसत नाही. तबकडी तिथं वाजतही नाही. सोबत सुई दिली आहे, वाजवायचं कसं याची चित्रं कोरली आहेत, वाजवणारा भेटायचा बाकी आहे. एका ताऱ्याच्या बऱ्यापैकी जवळून हे यान जाणार आहे ते सुमारे चाळीस हजार वर्षांनी.

कागलात तीच भैरवी मोबाइलवर साडेतीन मिनिटांत ऐकून होते. संध्याकाळी लावली तर घरातलं एखादं जाणतं माणूस हटकेल, हा सकाळचा राग आहे म्हणून. मैफल संपवतोय म्हणून सांगावं, मग कुणी काही बोलत नाही.