दुपारी सूत का तुटते? हवेतल्या ओलाव्याचा हिशेब

उन्हाळ्यात मालेगावच्या कुठल्याही यंत्रमाग कारखान्यात दुपारी दोननंतर जावे, तर तक्रार एकच ऐकू येते. सकाळी ठीक चाललेला बीम दुपारी वारंवार तुटतो. कारागीर सुताला दोष देतो, मालक सायझिंगवाल्याला आणि सायझिंगवाला सूतगिरणीला. हवेकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही.

हवेत पाण्याची वाफ किती मावेल, हे तिच्या उष्णतेवर ठरते. 20 अंशाला एका घनमीटर हवेत साधारण 17 ग्रॅम वाफ मावते, 30 अंशाला 30 ग्रॅम आणि 40 अंशाला 51 ग्रॅम. आर्द्रतेचा टक्का म्हणजे या मावण्यापैकी किती भाग भरला आहे तेवढेच. समजा, पहाटे 25 अंश उष्णता आणि 60 टक्के आर्द्रता आहे. म्हणजे हवेत जवळपास 14 ग्रॅम वाफ आहे. दुपारी पारा 40 वर गेला. वाफ तेवढीच राहिली, पण भांडे मोठे झाले, आणि टक्का 27 वर उतरला. पाणी कुठे गेले नाही, तरी हवा तहानेली झाली. ती तहान ती सुतातून भागवते.

सुती धाग्याला ओलावा असला की बळ येते. वाळला की त्याचे बळ घटते, वर चढवलेली खळही कडक होऊन झडते. म्हणूनच सुती विणकामाला 70 ते 80 टक्के आर्द्रता चांगली मानतात. पॉलिस्टर पाणी जवळजवळ धरतच नाही. तिथे कोरड्या हवेचा त्रास निराळा, विजेचा भार साचून तंतू फुलतात आणि एकमेकांना चिकटतात.

सकाळी फरशीवर चार बादल्या ओतून मोकळे होण्याची आपली पद्धत आम्हाला फारशी उपयोगाची वाटत नाही. गरज दुपारी असते, आणि ते पाणी तोवर उडून गेलेले असते. खिडक्यांवर गोणपाट बांधून ते दुपारभर भिजते ठेवणे बरे. पाणी उडताना उष्णता ओढून घेते, त्यामुळे हवा थंड होऊन भांडेही लहान होते. एकाच पाण्याने दुहेरी काम होते. पाणी मात्र पिण्यालायक असावे. 1948 च्या कारखाना कायद्यानेही ही अट घातली होती, कारण ती वाफ कारागिराच्या छातीत जाते.

अतिरेकही नको. इंग्लंडात लँकेशायरच्या मागशाळांत इतकी वाफ सोडली जाई, की 1889 साली कायदा करून तिला मर्यादा घालावी लागली. हवा भरलेली असली की घाम वाळत नाही, आणि पत्र्याखाली आठ-बारा तास उभ्या माणसाचे हाल होतात. भिवंडीच्या बांधवांना तर पावसाळ्यात उलटीच अडचण, खळीला बुरशी आणि फणीला गंज.

अंदाजाने चालू नये. साधे दोन तापमापक भिंतीला लावावेत, एकाच्या फुग्यावर ओले फडके. दोघांत फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. टक्क्याचे कोष्टक सोबत मिळते.

आता तराजूची गोष्ट. सुती धाग्याच्या व्यापारात 100 किलो पूर्ण कोरड्या सुतामागे 8.5 किलो ओलावा रास्त धरतात. तेच सूत कोरड्या गोदामात पडून ओलावा 5 किलोवर आला, तर 108.5 किलोचे 105 किलो भरते. शेकडा तीन किलोंहून अधिक घट, आणि चोरी कोणीच केलेली नाही. उलट वजनासाठी मुद्दाम पाणी मारणारेही बाजारात आहेत. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल उघड करणारी हदीस आमच्या वाचकांना सांगायला नको. मोठ्या खरेदीत वजनाबरोबर ओलावाही मोजून घ्यावा आणि तो बिलावर लिहून घ्यावा. गोणी आल्याच्या दिवशीच तोलावी, आठ दिवसांनी नव्हे.