कॅरोलायनाचा तांदूळ

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना या ब्रिटिश वसाहतीत १७०० च्या सुमारास भातशेतीने जम बसवला. चार्ल्सटन बंदरातून तांदूळ युरोपात जाई आणि मळेवाले गब्बर होत. राबणारे हात मात्र गुलामांचे होते. त्यांतले कित्येक पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या मुलखातून पकडून आणलेले. १७०८ पर्यंत वसाहतीत काळ्यांची संख्या गोऱ्यांहून जास्त झाली होती.

काम नेमून दिलेलं असे. माणशी दिवसाला साधारण पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. ते उरकलं की उरलेल्या वेळात लोक स्वतःपुरती भाजी लावत, कोंबड्या पाळत. याला सवलत म्हणणं मला पटत नाही. चिखल, डास आणि हिवताप यांतून ते दहा गुंठे पार पडायचे.

सुगीनंतरचं कांडण तर जीवघेणं. लाकडी उखळात मुसळाने भात सडायचा, मग आपल्या सुपासारख्या विणलेल्या पसरट टोपलीत पाखडायचा. घाव जोरात बसला की कणी होई, आणि कणीला भाव कमी. म्हणून दमलेल्या हातांनाही अंदाज सोडता येत नसे. गवताच्या तशा टोपल्या त्यांचे वंशज चार्ल्सटनजवळ आजही विणतात.