ट्रे अनास्तासिओ : जॅम-रॉकमधील रचना आणि उपज

प्रस्तावना
जॅम-रॉक या प्रकारात ठरलेले गीत ही केवळ सुरुवात असते. पुढचा विस्तार रंगमंचावर, त्या क्षणी घडतो. अमेरिकन गिटारवादक, गायक व संगीतकार ट्रे अनास्तासिओ (जन्म १९६४) यांच्या कारकिर्दीतून हा प्रकार समजून घेऊ.

जडणघडण
१९८३ मध्ये व्हरमाँट विद्यापीठात शिकत असताना त्यांनी मित्रांसह ‘फिश’ हा बँड सुरू केला. पुढे ते गॉडार्ड महाविद्यालयात गेले. संगीतकार अर्नी स्टायर्स यांच्याकडे त्यांनी रचनाशास्त्राचे धडे घेतले. त्यामुळे त्यांच्या अनेक गीतांत आधी काटेकोरपणे लिहिलेला, गुंतागुंतीचा भाग येतो आणि मग मोकळे वादन सुरू होते. ‘यू एन्जॉय मायसेल्फ’ हे याचे ठळक उदाहरण आहे.

उपज कशी घडते?
उपज म्हणजे मनाला येईल ते वाजवणे नव्हे. फिशचे चारही वादक त्यासाठी सराव करत. एकाने छोटा स्वरसमूह वाजवायचा. इतरांनी त्याची नक्कल न करता त्याला पूरक असे काही जोडायचे. बाकीच्यांचे वादन जुळून स्थिरावले असे ज्याला वाटेल, त्याने ‘हे’ म्हणायचे. सर्वांच्या तोंडून तो शब्द एकाच वेळी यावा, हे ध्येय असे. या सरावात बोटांच्या वेगापेक्षा ऐकण्याला महत्त्व होते.

खंड आणि पुनरागमन
वर्षानुवर्षांच्या दौऱ्यांसोबत अनास्तासिओ व्यसनातही अडकले. २००४ मध्ये बँड विसर्जित झाला. डिसेंबर २००६ मध्ये अमली पदार्थ बाळगल्याबद्दल त्यांना अटक झाली. न्यायालयाच्या देखरेखीखाली उपचार घेऊन ते व्यसनातून बाहेर पडले. मार्च २००९ मध्ये फिश पुन्हा एकत्र आला. पुढे अनास्तासिओ यांनी व्हरमाँटमध्ये व्यसनमुक्ती केंद्र उभारण्यात पुढाकार घेतला.

२०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फिशने १३ कार्यक्रम केले आणि त्यांत एकही गीत दोनदा वाजवले नाही. नशेशिवाय उपज सुचत नाही, या समजाला हे पुनरागमन छेद देते.

सारांश
शिस्तबद्ध रचना, परस्परांचे ऐकणे आणि अनिश्चिततेला सामोरे जाण्याची तयारी हे जॅम-रॉकचे तीन आधार आहेत.

विचार करा
पूर्वलिखित रचनेमुळे उपजेला बंधन येते की आधार मिळतो? वरील उदाहरणांच्या आधारे चर्चा करा.