फॅटी लिव्हर : नोंद कारणासह हवी

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असे लिहून आले की जालना असो वा मुंबई, पहिली शंका दारूची येते. प्रत्यक्षात सोनोग्राफी चरबी दाखवते, तिचे कारण सांगत नाही. आयसीडी-१० या जागतिक वर्गीकरणात मद्यजन्य फॅटी लिव्हरला के ७०.०, तर इतर प्रकारांना के ७६.० असा संकेतांक आहे. २०२३ मध्ये यकृततज्ज्ञांनी ‘नॉन-अल्कोहोलिक’ हे नाव बदलून ‘मॅसल्ड’, म्हणजे चयापचयाच्या बिघाडाशी निगडित विकार, असे नाव दिले. चरबीचे दुसरे कारण नसेल आणि वाढलेले वजन, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड किंवा कमी एचडीएल यांपैकी एक जरी आढळले, तरी हे निदान होते. नुसतेच ‘फॅटी लिव्हर’ लिहिले गेले, तर मधुमेह नजरेआड राहू शकतो. म्हणून अहवाल मिळताच डॉक्टरांना कारण विचारावे. साखर, रक्तदाब तपासून घ्यावा.